पिंटरेस्ट की यूट्यूब: कमाईसाठी काय बरं?

यूट्यूबचा हिशोब सरळ आहे. १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा वॉचटाइम (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज) जमले की जाहिरातींतला वाटा सुरू होतो. मोठ्या व्हिडिओंवर ५५ टक्के, शॉर्ट्सवर ४५. तोवर जाहिरातींतून दमडीही नाही.

पिंटरेस्ट म्हणजे फोटोंतून कल्पना शोधायची आणि साठवायची साइट; तिच्याकडे बहुतेक क्रिएटर ढुंकूनही पाहत नाहीत. तिथे असा वाटाच नसतो, आणि क्रिएटरना पैसे देणारी क्रिएटर रिवॉर्ड्स ही योजनाही २०२२ मध्ये गुंडाळली गेली. पैसा येतो तो पिनला, म्हणजे तिथल्या पोस्टला, जोडलेल्या लिंकमधून: अफिलिएट कमिशन (लिंकवरून कुणी दुसऱ्याची वस्तू घेतली की मिळणारा वाटा), नाहीतर स्वतःचे टेम्प्लेट्स, ई-बुक. पण लोक तिथे वेळ घालवायला कमी आणि काहीतरी ठरवायला जास्त येतात. ‘छोट्या बाल्कनीसाठी झाडं’ शोधणारा कुंड्या घ्यायच्या बेतातच असतो. २:३ आकाराची उभी इमेज, त्यावर चार ठळक शब्द, शीर्षकात लोक शोधतात तेच शब्द. नीट जमलेली पिन महिनोन्‌महिने क्लिक आणत राहते, फॉलोअर मूठभर असले तरी.

कॅमेऱ्यासमोर बोलायला आवडत असेल तर खुशाल यूट्यूब. चेहरा दाखवायचा नसेल आणि विकायला काही हाताशी असेल, तर माझं मत पिंटरेस्टला. फक्त लिंक अफिलिएट आहे हे पिनवर स्पष्ट लिहा.