काच वर-खाली करणारा रेग्युलेटर बदलून नऊ महिने झाले: ड्रायव्हरच्या काचेची हकिगत

ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली जाताना सुर्रकन जायची आणि वर येताना रखडायची. आधी फक्त थंडीच्या सकाळी, मग रोजच. शेवटी शेवटी एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने काच वर रेटायची, असा उद्योग चालू होता. दोन-तीन महिने मी हे चालवून घेतलं. मग एक दिवस दाराच्या पोटात 'कटाक्' झालं आणि काच पुढच्या बाजूला तिरकी होऊन अर्ध्यावर अडकली.

मेकॅनिकने दार न उघडताच निकाल दिला, "मोटर गेली." मीही मोटर मागवायच्या बेतात होतो. त्या रात्री सहज गाडीतला छताचा दिवा लावून काचेचं बटण दाबलं, तर दिवा किंचित मंदावला. म्हणजे फ्यूज, बटण, वायर हे सगळं ओलांडून करंट मोटरपर्यंत पोहोचत होता. मोटर जोर लावत होती, अडलं होतं ते तिच्या पुढे. दाराला कान लावला तर बारीक गुरगुरही ऐकू आली. बटण जास्त वेळ दाबून धरलं की तीही बंद व्हायची, कारण मोटर तापली की तिच्या आतलं संरक्षण तिला थांबवतं आणि गार झाल्यावर पुन्हा चालू करतं. 'कधी चालते, कधी नाही' म्हणून चांगल्या मोटरी भंगारात जातात त्या बहुधा यामुळेच.

दार उघडणं म्हणजे निम्मं काम लपलेले स्क्रू शोधण्याचं. एक हँडलच्या वाटीत टोपणाखाली, दोन हात टेकतो त्या भागात, बाकी सगळ्या क्लिपा. त्यातल्या दोन तुटल्याच. (क्लिपा आधीच चार जास्तीच्या आणून ठेवा.) पॅनलमागे प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट पट्टीने डकवलेला असतो. तो मी निष्काळजीपणे ओरबाडला, त्याची शिक्षा पुढे मिळाली. काच वर ओढून चौकटीला रुंद चिकटपट्टीने पक्की बांधली आणि मगच आत हात घातला. फ्यूज काढल्याशिवाय तिथे बोटं घालू नका, रेग्युलेटर बोट ओळखत नाही.

आतला प्रकार असा: उभी पट्टी, दोन टोकांना पुली, त्यावरून जाणारी बारीक तार आणि तारेवर सरकणारा प्लास्टिकचा स्लायडर. काच त्या स्लायडरवर बसते. माझा स्लायडर एका बाजूने चिरला होता आणि ढिली पडलेली तार मोटर फिरवते त्या ड्रमवरून उतरून तिचा गुंताडा झाला होता. मोटर तीन स्क्रूंवर सुटली. तिला थेट बॅटरीच्या वायरी लावल्या तर मस्त फिरली, वायरी उलट केल्या तर उलटी फिरली. नुसता स्लायडर बदलण्याचाही पर्याय असतो, पण तारेचे धागे उसवलेले दिसले, म्हणून मोटर जुनीच ठेवून रेग्युलेटर पूर्ण नवा घेतला. कंपनीचा नाही, बाहेरचा.

हा भाग कसा आहे? भोकं जुळली, फक्त एका बोल्टला थोडं रेटावं लागलं. तारेला ग्रीस अगदी नावापुरतं होतं, ते मी लावलं. स्लायडर यातही प्लास्टिकचाच, त्याबद्दल मनात शंका आहे. बोल्ट आधी सैल ठेवून काच पूर्ण वर नेली आणि मग आवळले, त्यामुळे ती सरळ बसली.

पण खरा गुन्हेगार रेग्युलेटर नव्हताच. काच मोकळी असताना हाताने वर-खाली करून पाहिली, तर ती रबराच्या खाचेतच अडत होती. रबर वाळून कडक झालेलं, आत धुळीचा थर. जुना स्लायडर या ओझ्याखाली चिरला होता आणि नवाही तसाच चिरला असता. ओल्या फडक्याने खाच पुसून काढली, कोरडी होऊ दिली आणि सिलिकॉन स्प्रे मारला. साधं तेल किंवा ग्रीस तिथे नको, रबर फुगतं आणि धूळ चिकटते. नवा रेग्युलेटर लावून साफसफाईच्या आधी मोजलं होतं, काच वर यायला सहा सेकंद लागत होते. नंतर चार. भाग तोच, मोटर तीच.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. एका स्पर्शात वर जाणारी काच टोकाला पोहोचून लगेच खाली यायची, जणू मध्ये कुणाचा हात आलाय. काचेचं वरचं-खालचं टोक गाडीच्या लक्षात असतं, ते पुन्हा शिकवावं लागतं. माझ्या गाडीत काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरायचं. प्रत्येक गाडीची रीत वेगळी असते, पुस्तिकेत बघा.

पहिल्या मोठ्या पावसात पायाखालचं कारपेट भिजलं. दारात पाणी शिरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जातं. गाडीच्या आत येऊ नये म्हणून तो प्लास्टिकचा कागद असतो आणि मी तो धुळीवरच चिकटवला होता. पुन्हा सगळं पॅनल काढलं.

सहाव्या महिन्यात काच एकदम गप्प झाली. बाहेरच्या भागाला मनसोक्त शिव्या घालून झाल्यावर छताच्या दिव्याची आठवण झाली. यावेळी दिवा ढिम्म. फ्यूज ठीक. मोटरच्या प्लगवर मल्टिमीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवत होता, त्यामुळे तासभर गोंधळलो. मग मीटरच्या जागी इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावला, तर तो पेटलाच नाही. दार अर्धं उघडल्यावर मात्र पेटला. दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर वाकून वाकून तुटली होती, जेमतेम एखादा धागा टेकत होता. मीटरला तेवढा पुरतो, मोटरला नाही. नवा तुकडा जोडला, सांधे नळीच्या बाहेर ठेवले. रेग्युलेटरचा यात काहीच दोष नव्हता, शिव्या परत घेतो.

आज नऊ महिन्यांनी काच वर यायला साडेचार सेकंद लागतात. खाली जाताना शेवटी हलकी 'टिक्' ऐकू येते, ती पहिल्या दिवसापासून आहे, वाढलेली नाही. पाचपैकी चार गुण देतो. एक कापला तो ग्रीसच्या कंजूषपणासाठी.