कर्क्युमिनचे नॅनोकण: अवक्षेपण की ओले दळण?

हळदीतला पिवळा घटक कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. कण लहान असले की ते लवकर विरघळतात, म्हणून कण 200 नॅनोमीटरच्या आसपास आणायचे. जळगाव-धुळे-शिरपूरकडच्या एम. फार्म.च्या प्रयोगशाळेत अवक्षेपण (विरघळलेले औषध पाण्यात सोडून त्याचे कण बाहेर पाडणे) आधी करून बघावे, कारण त्याला दळणयंत्र लागत नाही.

50 मिलिग्रॅम कर्क्युमिन 5 मिली अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून गाळा. 0.5 टक्के पोलोक्सॅमर 188 (कण एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) घातलेल्या 50 मिली पाण्यात ते सिरिंजने सोडा, 1000 आरपीएमवर ढवळत. सुईचे टोक पाण्याच्या आत हवे. वरून थेंब टाकले की मिसळण संथ होते आणि कण वाढतात. खानदेशचा उन्हाळा इथेच आडवा येतो. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर, नळाचे पाणीही कोमट. कोमट पाण्यात विद्राव्यता वाढते, केंद्रके (कणांची सुरुवातीची बीजे) कमी बनतात, लहान कण विरघळून मोठ्यांवर चढतात आणि सकाळी तळाशी पिवळा गाळ दिसतो. पाणी बर्फात ठेवून 5 अंशांवर आणा. अ‍ॅसिटोन कमी दाबाखाली उडवावाच लागतो. औषधात तो उरण्याची मर्यादा 5000 पीपीएम (दशलक्ष भागांत 5000).

ओल्या दळणात (औषध पाण्यात मण्यांसोबत दळणे) ही द्रावकाची कटकटच नाही. 10 टक्के औषध, कण चिकटू नयेत म्हणून 2 टक्के हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज, 0.3 ते 0.5 मिमीचे झिर्कोनियाचे (कठीण सिरॅमिकचे) मणी आणि काही तास. पण दळताना उष्णता होते. चिलर (थंड पाणी फिरवणारे यंत्र) नसेल तर सुरूच करू नका. मण्यांची झीज औषधात उतरते, म्हणून झिर्कोनियम मोजा. सिरोलिमस या अवयव-प्रत्यारोपणानंतरच्या औषधाच्या गोळ्या याच पद्धतीने बाजारात आल्या. गोळीपर्यंत जायचे असेल तर आमची पसंती दळणालाच.