४९ कीजचा मिडी कंट्रोलर आणि रीपर, पावसाळा ते उन्हाळा वापरून: सगळं बोलणं एका फेडरवर

मिडी कंट्रोलर म्हणजे स्वतःचा आवाज नसलेला, कॉम्प्युटरला जोडायचा कीबोर्ड, अन् रीपर म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढं शिव्या घालायच्यात. कीज, पॅड, नॉब किती ते डब्यावर लिहिलेलं असतंय, ते सोडा. मी लातूरजवळ गावात घरीच भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो, म्हणजे सगळं काम पेटीचं. २५ कीजचा लई स्वस्तात मिळत होता, पण साडेतीन सप्तकांवर फिरलेला हात त्याच्यावर दर ओळीला ऑक्टेव्हचं बटण दाबत बसणार, म्हणून काळजावर दगड ठेवून ४९ चा घेतला.

जोडणी सोपीय. यूएसबीची एकच वायर, वेगळा ड्रायव्हर नाही, करंट पण लॅपटॉपातूनच घेतो त्यामुळं लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत वाजवत बसा. रीपरच्या प्रेफरन्सेसमधी मिडी इनपुट चालू करायचं, ट्रॅकचं इनपुट मिडी करायचं, आर्म करायचा (म्हणजे रेकॉर्डिंगला तयार ठेवायचा), मॉनिटरिंग ऑन. एवढं करून आवाज आला नाही की लोक मला फोन करतात. अरे बाबांनो, मिडीतून आवाज येतच नाही, कोणती की दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली एवढे आकडे जातात, आवाज ट्रॅकवर टाकलेल्या प्लगइनचा, म्हणजे रीपरच्या आत चालणाऱ्या वाद्याच्या सॉफ्टवेअरचा असतोय. आणि की दाबल्यावर सूर उशिरा येत असेल तर बफर (आवाज बाहेर सोडायच्या आधी कॉम्प्युटर साठवतो तो तुकडा) बघा, सेकंदाला ४८००० सॅम्पलच्या हिशोबानं ५१२ सॅम्पल म्हणजे साडेदहा मिलिसेकंद तिथंच गेले, १२८ केलं की तीनच्या आत.

आता मेन गोष्ट. पहिल्यांदा मला हा कीबोर्ड पेटीसाठी बेकार वाटला होता. कीज वेलॉसिटीवाल्या, म्हणजे दाबायच्या जोरावर आवाज लहानमोठा करणाऱ्या, बोट जरा जोरात पडलं की तो सूर किंचाळतो, जरा हलकं पडलं की गायब. पेटीत असं नसतंय, तिथं जोर भात्याचा. शेजारच्या पेटीवाल्या मामांना दाखवला तर त्यांनी चारी बाजूनी फिरवून बघितला अन् म्हणले, "सगळं ठीकय, पण भाता कुठाय रे ह्याला?"

भाता निघाला फेडरमधी, म्हणजे वरखाली सरकवायच्या बटणात. कंट्रोलरमधी वेलॉसिटी फिक्स करून टाकली, सगळ्यात डावीकडचा फेडर सीसी ११ ला लावला (सीसी म्हणजे मिडीतले कंट्रोलचे नंबर), म्हणजे एक्स्प्रेशन. सीसी ७ ला लावू नका, ते चॅनलचा मूळ व्हॉल्यूम आहे, ११ हे त्याच्या आतल्या आत कमीजास्त करतंय. उजवा हात कीजवर, डावा फेडरवर, अन् काय सांगू, पहिल्याच अभंगाला मामा हसले. दोन्ही हात कीजवर हवे असतील तर आधी नुसते सूर वाजवून घ्या, मग ट्रॅकचा रेकॉर्ड मोड मिडी ओव्हरडब करून भात्याची दुसरी फेरी वरून मारा. काही फुकटचे पेटी प्लगइन सीसी ११ ऐकतच नाहीत, तिथं रीपरच्या पॅरामीटर मॉड्युलेशनमधी मिडी लिंक करून प्लगइनचा व्हॉल्यूम त्याला जोडायचा. ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात त्यामुळं एकदम हळू फुगवताना कधीकधी आवाज पायरीपायरीनं चढल्यासारखा वाटतो, पण टाळ-पखवाज आले की कुणाच्या बापाला कळत नाही.

मग सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या. घरामागं मळणीयंत्र, खिडकी लावली तरी भुसा आतच. अन् फेडर नाचायला लागला. हात लावलेला नाही, तरी ६३, ६४, ६३, ६४ चालूच, मिडी एडिटर उघडला तर खालची पट्टी मुंग्यांची रांग लागल्यासारखी भरलेली. वॉरंटी चालू होती म्हणून पुण्याला सर्व्हिस सेंटरला पाठवला, कुरिअरचे पैसे माझेच. तिकडून फोन, "सर, फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." म्हणलं कुठं पडला, कुठं फुटला, फोटो पाठवा. तर म्हणे डस्ट आहे आत. अहो पण धूळ म्हणजे डॅमेज असेल तर मराठवाड्यात विकताच कशाला? ताई बिचाऱ्या गोड बोलत होत्या पण पूर्ण फेडर बोर्ड बदलायचा जो आकडा सांगितला त्यात २५ कीजचा नवा आला असता. तसाच परत मागवला, परतीचं कुरिअर पण माझ्याच खिशातून.

लातूरच्या गंजगोलाईत इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे घेतला. वायर काढून फेडरच्या फटीत बारीक नळीनं फवारा मारला, वरखाली चांगला घासला, पूर्ण वाळू दिला. तेव्हापासून आकडा जागेवर. साधा तेलवाला गंजाचा स्प्रे मारू नका, त्याच्यावर धूळ आणखीन चिकटते. जे फेडर लागत नाहीत त्यांच्या फटीवर मी सरळ चिकटपट्टी मारलीय, दिसायला घाण दिसतंय पण दिसू द्या.

पाचपैकी साडेतीन. मशीनला मी चार दिले असते, अर्धा दोन्ही बाजूच्या कुरिअरचा कापला. सेकंडहँड घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी लॅपटॉपला जोडून मिडी मॉनिटर (येणारे मिडीचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा अन् एकेक फेडर मधोमध ठेवून हात काढा. आकडा हलायला लागला की भावात घासाघीस चालू करा, स्प्रेचे पैसे तरी सुटतील.