हजार फुटांचं छत, चार माणसं आणि नागपूरचा उन्हाळा : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

घर चार माणसांचं. छत हजार चौरस फुटांचं, आवारात पस्तीस फूट खोल जुनी विहीर, खाली काळी माती. नागपूरच्या जुन्या लेआउटमधल्या कितीतरी घरांसारखंच हे घर आहे. पावसाचं पाणी साठवायची आणि सांडपाणी पुन्हा वापरायची इथे बसवलेली व्यवस्था अशी: छताचं पाणी गाळून १५,००० लिटरच्या जमिनीखालच्या टाक्यात, टाकं भरलं की विहिरीत, आणि आंघोळ-कपड्यांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून फ्लशला आणि झाडांना. एक पूर्ण पावसाळा, एक पूर्ण उन्हाळा आणि दुसरा पावसाळा अर्धा, एवढा वापर झाल्यावर हे लिहीत आहोत.

निकाल आधीच सांगतो. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी वर्षभर पुरलं. फ्लशला आणि झाडांना नळाचं पाणी लागलं नाही. आंघोळ, धुणं, भांडी मार्चअखेरपर्यंत विहिरीवर निघाली. एप्रिलपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत मात्र नळ उघडावा लागला, आणि त्याचं कारण माणसं नव्हती, कूलर होते. म्हणून नळाचं कनेक्शन बंद करायचा विचार नागपुरात तरी कोणी करू नये.

आधी हिशेब, कारण बहुतेक घरांत तो न करताच टाकी विकत घेतली जाते. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. उडून, वाहून, सुरुवातीच्या धुण्यात जातं ते वजा केलं तर मिलिमीटरमागे ७९ लिटर हाती लागतात. नागपुरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस धरला तर ७९,००० लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण चार माणसांना माणशी शंभर लिटर धरले तर कोरड्या आठ महिन्यांचे ९६,००० लिटर होतात. एवढं टाकं कोणी बांधत नाही, आणि बांधायची गरजही नाही. पिणं आणि स्वयंपाक वेगळा काढला तर माणशी १५ लिटर, म्हणजे रोजचे ६०. ऑक्टोबर ते जूनच्या मध्यापर्यंत सुमारे २५५ दिवस, म्हणजे १५,३०० लिटर. टाक्याचं माप इथून आलं. जेवढं पाणी तोंडात जातं तेवढंच साठवायचं, बाकीचं जमिनीत घालायचं, आणि वापरलेलं दुसऱ्यांदा वापरायचं.

छत आणि पहिलं पाणी

चायना मोझॅकचं (फरशीच्या तुकड्यांचं) छत यासाठी सगळ्यात चांगलं, धूळ बसते पण पावसाबरोबर निघून जाते. डांबरी वॉटरप्रूफिंग असलेल्या छताचं पाणी पिण्यासाठी घेऊ नका. मे महिन्याच्या शेवटी, नवतप्यात, छत कोरड्या खराट्याने झाडायचं. पाणी टाकून धुण्यात अर्थ नाही, तेवढंच पाणी वाया. औष्णिक वीज केंद्राजवळच्या वस्तीत राखेचा थर असतो, तिथे दोनदा झाडावं लागतं. आणि संक्रांतीनंतर पन्हाळीच्या तोंडाशी अडकलेला मांजा आठवणीने काढायचा. नायलॉनच्या मांजात कडुनिंबाच्या काड्या गुंततात, जाळी बंद होते आणि जूनच्या पहिल्या पावसात छतावर तळं साचतं.

पहिला दीड मिलिमीटर पाऊस छत धुतो, तो बाहेर गेलाच पाहिजे. आपल्या छतासाठी तो होतो १४० लिटर. प्लंबर यासाठी सहा इंची पाइपाचा चार फुटी तुकडा लावून देतात. त्यात २२ लिटरसुद्धा मावत नाहीत, म्हणजे कबुतरांच्या विष्ठेचं पाणी सरळ टाक्यात. इथे २०० लिटरचा ड्रमच हवा. ड्रम भरला की आत तरंगणारा रबरी चेंडू तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी गाळणीकडे वळतं. तळाला सहा मिलिमीटरचं भोक ठेवलं की ड्रम काही तासांत आपोआप रिकामा होऊन पुढच्या पावसाला तयार. बिघाड होतो तो याच भोकाशी: पानाचं देठ अडकतं, ड्रम भरलेलाच राहतो, आणि चार दिवसांच्या उघडिपीनंतर आलेला पाऊस न धुता आत जातो. पावसाळाभर आठवड्यातून एकदा तारेने भोक मोकळं करा.

गाळणी: इथे आमचं गणित पहिल्या वर्षी चुकलं

२०० लिटरच्याच ड्रमात खालून वर असे थर: ४० मिलिमीटर गिट्टी १५ सेंटिमीटर, २० मिलिमीटर गिट्टी १० सेंटिमीटर, बारीक ६ ते १० मिलिमीटरची १० सेंटिमीटर, मग नायलॉनची जाळी, त्यावर कन्हान नदीची जाड रेती २० सेंटिमीटर, आणि सगळ्यात वर ५ सेंटिमीटर गोटे, म्हणजे पडणाऱ्या धारेने रेतीत खड्डा पडत नाही. रेती घमेल्यात धुवायची, पाणी नितळ निघेपर्यंत. ही पायरी गवंडी टाळतात आणि मग महिनाभर टाक्यात गढूळ पाणी येतं. कोळशाचा थर आम्ही दुसऱ्या वर्षी काढला. आठ महिने ओलसर पडून राहिला की त्यावर बुळबुळीत थर चढतो. फायद्यापेक्षा त्रास जास्त.

एवढं करूनही जुलैतल्या जोराच्या सरीत ड्रम वरून वाहायचा. कारण साधं आहे. तासाला ६० मिलिमीटरची सर म्हणजे या छतावरून मिनिटाला ९३ लिटर. ड्रमचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर, त्यातून रेती स्वच्छ असताना मिनिटाला पन्नासच्या आसपास लिटर उतरतात आणि गाळ बसला की त्याहून कमी. जिथे जास्त पाऊस तिथेच जास्त वाया. आता दोन ड्रम शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्या आधी दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फुटांचा गाळ बसायचा हौद. एकाच ड्रममध्ये रेतीचा थर वाढवून उपयोग नाही, वेग आणखी कमी होतो. आणि ड्रमवरून वाहणारं पाणी बाहेर किंवा झाडांकडेच गेलं पाहिजे. ते टाक्यात वळवणारी बायपास नळी म्हणजे गाळणी न लावल्यासारखंच.

टाकं

खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो, म्हणून इथे काटकसर नको. आतलं माप अडीच बाय अडीच मीटर, पाण्याची उंची २.४ मीटर, वर ३० सेंटिमीटर मोकळे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. विटांची भिंत हे दोन-तीन वर्षं सोसते आणि मग कोपऱ्यात चिरते. आरसीसीच करा, खोदाई मुरूम लागेपर्यंत करा आणि भिंतीबाहेरची फूटभर जागा काढलेल्या काळ्या मातीने नाही, मुरमाने भरा. भर पावसाळ्यात टाकं पूर्ण रिकामं ठेवू नका. भोवतीचं भूजल चढलेलं असतं, रिकामं टाकं ते खालून उचलू पाहतं; प्लास्टिकची पुरलेली टाकी तर वर येतेच.

तळाला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे फूटभर खड्डा, साफसफाईसाठी. आत येणारा पाइप तळाजवळ नेऊन त्याचं तोंड वर वळवायचं, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप) तळापासून १५ सेंटिमीटर वर. ओव्हरफ्लो आत येणाऱ्या पाइपाएवढाच, चार इंची, जाळीसकट. झाकणाची कड जमिनीपासून किमान एक फूट उंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे नागपूरकरांना सांगायला नको. असं पाणी झाकणातून आत गेलं तर वर्षाचा साठा एका रात्रीत गटाराचा होतो.

नवीन सिमेंटचं टाकं आठवडाभर भरून ठेवून रिकामं करायचं, असं दोनदा. नाहीतर पाणी क्षारीय होऊन तोंडाला बुळबुळीत लागतं.

पाणी म्हणाल तर विहिरीच्या पाण्याशी तुलनाच नाही. डाळ लवकर शिजते, चहाच्या भांड्याला पांढरा थर धरत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. पावसाचं पाणी यांच्या खूपच खाली राहतं. त्याला आरओ लावू नका. आरओ हे क्षार काढायला असतं, इथे क्षार नाहीतच, उलट लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत जातात. खरा धोका जंतूंचा. दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे भरलेल्या टाक्याला सुमारे ३८ ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाक्यात ओतायची आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे रंगावरून दाखवणारी चाचणी, करायची. पिवळा रंग आला नाही तर पावडर जुनी आहे. उघड्या पुडीतला क्लोरीन उडून गेलेला असतो. पिण्यापुरतं पाणी त्यानंतरही उकळावं किंवा यूव्ही (अतिनील किरणांच्या) शुद्धीकरण यंत्रातून घ्यावं, असं आमचं मत आहे.

विहीर

टाकं भरायला केवळ १९० मिलिमीटर पाऊस लागतो. बाकी सगळं विहिरीत. पाइप काठावर सोडू नका, विहिरीत खाली उतरवून पाण्याजवळ न्या, नाहीतर धारेने बांधकाम झिजतं आणि तळ ढवळतो. विहिरीवर बारीक जाळी हवीच. विहीर नसलेल्यांना शोषखड्डा सुचवला जातो, पण तो काळ्या मातीतच संपला तर पहिल्या पावसात माती फुगून खड्डा पाण्याने तुंबतो. माती संपून मुरूम लागेल तिथपर्यंत गेलं तरच पाणी मुरतं.

एक गैरसमज काढायला हवा. विहिरीत घातलेलं पाणी आपल्या नावावर राहत नाही. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्टचा काळा खडक आहे, पूर्वेला नाइस नावाचा जुना खडक; दोन्हीकडे पाणी भेगांमधून आणि झिजलेल्या थरातून सरकतं, शेजारच्या बोअरवेललाही मिळतं. म्हणून एकट्या घराने केलं तर उन्हाळ्यातला फरक थोडा, गल्लीतल्या दहा घरांनी केलं तर स्पष्ट.

सांडपाणी

आंघोळ आणि कपड्यांचे रोजचे २०० लिटर. आधी साबणाचा साका अडवणारा छोटा चेंबर, मग ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल गिट्टीचा वाफा, वर कर्दळ. गिट्टीतली पोकळी ४० टक्के धरली तर ७२० लिटर मावतात, म्हणजे पाणी साडेतीन दिवस मुक्कामाला. पाणी गिट्टीच्या पृष्ठभागाखाली दोन इंच राहिलं तर ना वास ना डास. भांड्यांचं पाणी यात सोडू नका, तेलाने गिट्टी महिनाभरात चोंदते. वाफ्यातून निघालेलं पाणी चोवीस तासांच्या आत वापरून टाका, साठवलं की काळं पडून वास मारतं. फ्लशसाठी वेगळी ३०० लिटरची टाकी आणि वेगळ्या रंगाचा पाइप, पिण्याच्या लाइनीशी कुठेही जोड नाही. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या झाडाला हे पाणी देऊ नका. काही धुण्याच्या पावडरींत बोरॉन असतो आणि लिंबूवर्गीय झाडं त्याला फार नाजूक. केळी, अळू, जास्वंद छान चालतात.

कूलर

चोवीस इंची लोखंडी कूलर मे महिन्यात रात्र-दुपार मिळून दहा तास चालला की १२० लिटरच्या आसपास पितो. दोन कूलर, साठ दिवस: १४,४०० लिटर. चार माणसांच्या आठ महिन्यांच्या पिण्या-स्वयंपाकाएवढं पाणी दोन महिन्यांत हवेत जातं. सांडपाणी कूलरला चालत नाही, त्याचे तुषार श्वासात जातात. आरओचं फेकलेलं पाणीही नको, त्याने कूलरच्या ताट्या (ज्यांच्यावरून पाणी झिरपतं ते पडदे) क्षार बसून आणखी लवकर दगड होतात.

कमी करायचे तीन मार्ग उपयोगी पडले. कूलरवर सावली. पंपाला टायमर, दहा मिनिटं चालू आणि पाच बंद. ताटी तेवढ्यात सुकत नाही. आणि फ्लोट व्हॉल्व्ह दर वर्षी नवा, कारण क्षार बसून अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे रात्रभर पाणी वाहून वाया जातं. कूलरची टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासायची, डेंग्यूच्या डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात; काढलेलं पाणी फरशी पुसायला घ्या, कुंड्यांना क्षार जास्त होतात.

आता दुसऱ्या पावसाळ्यात एक बदल केला आहे. जून-जुलैचं पाणी, टाकं पूर्ण रिकामं राहणार नाही एवढं सोडून, आधी विहिरीत घातलं आणि छत, गाळणी पूर्ण धुतल्यावर ऑगस्टपासून व्हॉल्व्ह टाक्याकडे वळवला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकं काठोकाठ भरलेलं आहे ना, एवढं झाकण उघडून काठीने मोजायचं आहे. त्यानंतर येणाऱ्या पावसावर भरवसा ठेवता येत नाही.