हर्मिट क्रॅबची टाकी: सगळं ठीक, तो गोल मीटर सोडून

२० गॅलनची काचेची टाकी गॅरेज सेलमधून उचलली, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. बाजूच्या काचेला बाहेरून चिकटवलेली हीट मॅट उत्तम चालते. तक्रार आहे ती फक्त ह्युमिडिटी मीटरची, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारा तो गोल काटेवाला, आणि त्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे.

हर्मिट क्रॅब म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे; आमचे दोघे वाइल्डवुडच्या बोर्डवॉकवरचे, म्हणजे समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यावरच्या दुकानातले. न्यू जर्सीतल्या लोकांना पद्धत माहीत आहे: तारेचा पिंजरा विकत घ्या, खेकडा फुकट. तो पिंजरा या जिवांच्या काही कामाचा नाही. ते कल्ल्यांनी श्वास घेतात आणि कल्ले ओले राहायला हवा दमट लागते. आर्द्रता ७५ ते ८५ टक्के, तापमानही ७५ ते ८५ फॅरनहाइट, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. जाळीतून दमटपणा टिकणार कसा? आम्ही टाकीच्या जाळीदार झाकणावर स्वयंपाकघरातला क्लिंग रॅप ताणून लावला. खर्च शून्य, आणि काम महागड्या काचेच्या झाकणाएवढंच.

ऑक्टोबरात घरातलं हीटिंग सुरू झालं आणि हवा पापडासारखी कोरडी झाली. टाकीतलं कोकोपीट वरून भुरभुरायला लागलं, काचेवर दव नाही, दोघेही शंखात अंग आत ओढून बसलेले. मीटरचा काटा मात्र ८० वर ठाम. मुलगी म्हणाली, "बाबा, याला काही कळत नाही."

मग मिठाची परीक्षा घेतली. बाटलीच्या बुचात साधं मीठ, त्यावर पाण्याचे थेंब, इतकेच की मीठ ओलं व्हावं पण विरघळू नये. बूच आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. ओलं मीठ बंद हवेत आर्द्रता ७५ ला आणून ठेवतं, म्हणजे सकाळी काटा ७५ वर हवा. आमचा ९२ वर. म्हणजे टाकीतले ८० हे खरे ६३! खेकडे हळूहळू गुदमरतात त्यात.

कंपनीला फोटो पाठवला. उत्तर आलं, मीटर "सेट" व्हायला वेळ द्या. पुन्हा पाठवला, तर दुसरा मीटर फुकट आला. तो त्याच पिशवीत ६४. आता कोणाचं ऐकायचं?

शेवटी तारेला सेन्सर असलेला डिजिटल घेतला, किंमत तिप्पट. पहिले काही महिने मी त्याचं कौतुक सगळ्यांना ऐकवलं. आता तोही त्याच परीक्षेत ७९ दाखवतो. सतत दमट हवेत राहून सेन्सर वर सरकतो. चिकटपट्टीवर "वजा ४" लिहून टाकीला लावलंय. तरी तो बरा, निदान एकाच दिशेने चुकतो.

एवढा किस काढायचं कारण असं की चुकलं तर टाकी उपसून पुन्हा भरता येत नाही. मोठा खेकडा नोव्हेंबरात कात टाकायला वाळूत शिरला तो फेब्रुवारीत वर आला. त्या काळात उकरलं की मेलाच समजा. म्हणून वाळू पाच भाग, कोकोपीट एक भाग, किल्ला बांधता येईल इतकं ओलं, आणि खोली किमान सहा इंच. हे सुरुवातीलाच करून घ्या. पाणी दोन भांड्यांत, गोडं आणि खारं, दोन्ही क्लोरीन काढलेलं. खाऱ्याला मत्स्यालयाचं समुद्री मीठ, घरातलं नाही.

रंगवलेले शंख सोडून दोघांनीही गोल तोंडाचे टर्बो शंख पटकावले. जेवण म्हणाल तर नखाएवढं उकडलेलं अंडं, खोबऱ्याचा तुकडा, बिनमिठाची कोळंबी. मालवणहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर हिशेब केला, "कोळंबी त्याला आणि हीटरही त्यालाच!"

टाकीला पाच तारे, हीट मॅटला पाच, मीटरला एक. कंपनी म्हणते पैसे परत हवे असतील तर दोन्ही मीटर पाठवा, टपालखर्च तुमचा. टपालखर्च मीटरच्या किमतीपेक्षा जास्त येतो. मीटर अजून माझ्याकडेच आहेत.