‘हारत अल-यहूद’ : ज्यू नायिका मिळाली, पण पुरावा तिच्याकडूनच मागितला

इजिप्तमध्ये २०१५ च्या रमजानमध्ये प्रसारित झालेली ‘हारत अल-यहूद’ ही मालिका १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धाच्या काळातील कैरोच्या ज्यू मोहल्ल्यात घडते. मेदहत अल-अद्ल यांनी लिहिलेल्या आणि मोहम्मद अल-अद्ल यांनी दिग्दर्शित केलेल्या या कथेच्या केंद्रस्थानी लैला ही ज्यू तरुणी आणि अली हा मुस्लिम लष्करी अधिकारी आहे. रमजानमध्ये रोजा सोडल्यावर अरब जगातील असंख्य कुटुंबे एकत्र बसून मालिका पाहतात, त्यामुळे या महिन्यात पडद्यावर कोण कसा दिसतो याला मोठे वजन असते. ज्यूंच्या जागतिक कटाची कहाणी सांगणाऱ्या, झारकालीन रशियातल्या एका बनावट दस्तऐवजाचा आधार घेतलेली ‘फारिस बिला जवाद’ ही मालिका २००२ मध्ये याच महिन्यात दाखवली गेली होती. त्यानंतर तेरा वर्षांनी त्याच प्रेक्षकांसमोर ज्यू मुलगी नायिका म्हणून येते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मेन्ना शलबीने लैलाचा अभिमान आणि तिची घुसमट इतक्या संयमाने उभी केली आहे की, तिचा धर्म प्रेक्षकाला वेगळा आठवावा लागत नाही. इयाद नस्सारचा अली तिच्या तोडीचा नसला तरी विश्वसनीय आहे. नेपथ्य देखणे आहे, किंबहुना गरजेपेक्षा अधिक देखणे आहे. कारण त्या काळापर्यंत सधन ज्यू कुटुंबे झमालेक, मादी अशा वस्त्यांत राहायला गेली होती आणि जुन्या मोहल्ल्यात प्रामुख्याने गरीब माणसे उरली होती.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ही मालिका ‘चांगला ज्यू’ आणि ‘झायोनिस्ट’ (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राचा पुरस्कर्ता) अशी स्पष्ट विभागणी करते आणि चांगल्या बाजूला राहण्यासाठी लैलाला आपले देशप्रेम पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते, तर मुस्लिम पात्रांचे इजिप्शियनपण जन्मतःच गृहीत धरलेले असते. हा अन्याय केवळ कथेतला नाही. ज्यू कुटुंबात जन्मलेली लोकप्रिय गायिका-अभिनेत्री लैला मुराद हिने १९४० च्या दशकात इस्लाम स्वीकारला होता. तरीही १९५२ मध्ये तिने इस्रायलला पैसे दिल्याची अफवा उठली, सीरियाने तिच्यावर बहिष्कार घातला आणि इजिप्तमधील चौकशीत आरोप खोटा ठरल्यावरच तिची सुटका झाली. नायिकेसाठी हेच नाव निवडणाऱ्या लेखकाने या अनुभवाच्या मुळाशी जायला हवे होते. त्याऐवजी द्वेषाचे खापर मुख्यतः मुस्लिम ब्रदरहुड ही इस्लामवादी संघटना आणि झायोनिस्ट यांच्यावर फोडले जाते आणि राज्यसंस्था बरीचशी सुटते. १९४७ च्या कंपनी कायद्याने नोकऱ्यांत इजिप्शियन नागरिकांचे प्रमाण सक्तीचे केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहूनही नागरिकत्वाची कागदपत्रे नसलेले अनेक ज्यू अडचणीत आले, आणि इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केलेल्या १९५६ च्या सुएझ युद्धानंतर तर हजारोंना देश सोडावा लागला. मोहल्ला रिकामा होण्यामागे सरकारी निर्णयांचाही मोठा वाटा होता, हे या मालिकेवरून समजणे कठीण आहे.

प्रसारणाच्या सुरुवातीला कैरोतील इस्रायली दूतावासाने मालिकेची स्तुती केली आणि नंतरच्या भागांवर नाराजी दाखवली. कैरोच्या ज्यू समाजाच्या प्रमुख माग्दा हारून यांनीही ऐतिहासिक चुकांवर बोट ठेवले. यांपैकी मला हारून यांचे म्हणणे अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ज्यांचे जीवन पडद्यावर येत होते, त्यांच्यातल्या अगदी मोजक्या उरलेल्यांपैकी त्या एक होत्या.

एवढे असूनही ही मालिका पाहावी, अशी माझी शिफारस आहे, विशेषतः अरब समाजात ज्यू म्हणजे कायम परकेच होते असे मानणाऱ्यांनी. तिच्या जोडीला १९४९ चा ‘गझल अल-बनात’ हा चित्रपटही पाहावा. त्यात लैला मुराद संपूर्ण इजिप्तची लाडकी नायिका म्हणून गाते आणि तिच्याकडे कोणीही पुरावा मागत नाही.