बेसबॉल ॲप: एक सीझन बघून रिव्ह्यू

टिळकवाडीत पहाटे ५:१० ला उठून अमेरिकेतल्या शिकागो व्हाईट सॉक्स ह्या बेसबॉल टीमची मॅच बघणारा मी एकटाच असणार, घरचे येडा म्हणतात ते वेगळं. २०२४ ला १२१ मॅच हरलेली टीम, २०२५ ला १०२, पण नवी पोरं कशी खेळालेत बघा की! बॉल टाकणाऱ्या शेन स्मिथला ब्रूअर्स ह्या दुसऱ्या टीमनं राखलं नव्हतं, व्हाईट सॉक्सनी रूल ५ मधनं (दुसऱ्यांनी न राखलेली पोरं उचलायची सोय) उचलला आणि पहिल्याच वर्षी ऑलस्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवड. कोल्सन मॉन्टगोमेरीचे ७१ मॅचमध्ये २१ होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका), बॅट फिरवताना लई चुकतो पण तेवढं सुधारलं तर हाच पुढचा हिरो. कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) काईल टील मला सगळ्यात भरवशाचा वाटतोय.

ॲपचं पिक्चर झकास, फक्त दोनदा ऐन शेवटच्या इनिंगला अडकलं, चहा गार झाला. एक स्टार कापला.